अणुअभियांत्रिकीच्या विरोधात पहिला क्रमांक

चहा निवायच्या आत सांगून टाकते. हा किस्सा मी सांगितला नाही, तर आमचे सुभेदार भाऊजी सांगतील, आणि ते सांगताना अर्धी वाक्ये क्रियापदाविना सोडतात. फजिती माझी आहे. निदान ती पूर्ण वाक्यांत तरी व्हावी.

मी मराठीची निवृत्त शिक्षिका. मलकापुरात राहते. घरात सून वंदना आणि नात तेजस्विनी. मुलगा फौजेत, दूर सीमेवर. वंदना वाणिज्य शाखेची पदवीधर असून ऊस आणि सासू या दोहोंची व्यवस्था पाहते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेजारीच राहतात. पलटणीतून निवृत्त झाल्यापासून हुकूम सोडायला कोणी उरले नाही, म्हणून दिवसातून अनेकदा आमच्याकडे येतात.

तेजस्विनी बारावी झाली आणि तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक सांगलीत, संगणक अभियांत्रिकीला. दुसरा पार परराज्यात, अणुअभियांत्रिकीला. सोमवारी एक जागा निश्चित करायची होती. दुसरी हातची जाणार होती. पोरीला शाळेपासून अणूचे वेड. पण निर्णयाची वेळ आली तशी तिची भूकच मेली. भाकरीचा एक तुकडा घेऊन ती अर्धा तास बसे.

माझे मत पक्के होते. तिने अणुअभियांत्रिकीलाच जावे. नुसते मत नव्हे, मी ते ज्येष्ठ नागरिक संघात जाहीरही करून आले होते. आमच्या गल्लीत संगणकवाले घरोघरी आहेत. अणूवाला एकही नाही. तुम्हीच सांगा, अशी संधी कोणती आजी सोडेल?

वंदनाचे मत नेमके उलट.

"आत्या, लय लांब हाय ते. आन् त्या किरणांचं काय? पोरगी उद्या आजारी पडली, तर बघायला तुमचा संघ जाणार हाय का?"

"वंदना, भीती हा मुद्दा होऊ शकत नाही."

"मग काय मुद्दा हाय? संघात मिरवणं?"

प्रश्न बिनचूक होता, म्हणून मी तिला 'हाय' नव्हे, 'आहे' म्हणावे असे सांगितले.

"मला दोघींचंही पटतं," तेजस्विनी म्हणाली. "तोच तर घोळ आहे."

आता शहाण्या बाईने काय केले असते? पोरीला जवळ बसवून बोलली असती. मी वादविवाद स्पर्धा जाहीर केली.

हसू नका. नोकरीच्या काळात मी वादविवादाचे संघ घडवले आहेत. शाळेला ढाली ठेवायला नवे कपाट करावे लागले होते. मी वंदनाला रीतसर विषय सांगितला: तेजस्विनीने अणुअभियांत्रिकीचा अभ्यासक्रम स्वीकारावा. रविवारी न्याहारीनंतर, परीक्षक भाऊजी, श्रोता तेजस्विनी. आणि बाजू कोणती, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. ज्याला दुसऱ्याची बाजू मांडता येत नाही, त्याला स्वतःचीही समजलेली नसते, असे मी वर्गात नेहमी सांगत असे. मुले बिचारी ऐकून घेत.

भाऊजींनी चिठ्ठ्या आपल्या फौजी टोपीत टाकल्या. मी एक उचलली. तिच्यावर 'विरोधात' असे लिहिले होते.

"बदलून घिऊ की," वंदना म्हणाली. "तुमची तुमाला, माझी मला."

"नियम आहे."

"आवं, पण नियम तुमीच केलाय."

"म्हणूनच."

मी मनाशी एक योजना आखली. बोलायचे, पण जरा पडते घ्यायचे. सून जिंकेल, नात अणूकडे वळेल आणि निःपक्षपाती म्हणून माझे नाव राहील. योजना उत्तम होती. तिच्यात मी स्वतःला तेवढे धरले नव्हते.

रविवारी वंदना आधी उभी राहिली. दोन दिवस ती मोबाईलवर काहीबाही वाचत होती, हे मी पाहिले होते. मला वाटले, पाककृती असतील.

"कारखान्याचा बॉयलर काय थंड असतो व्हय?" तिने सुरुवातच अशी केली. "तिथंबी माणसं शिकून सवरूनच उभी राहत्यात. आपल्या मोटारीला लाईट रातची येती. साप-किरडू असतंय, तरी मी गमबूट घालून, बॅटरी घिऊन पाणी पाजायला जातेच की. भ्या गेल्यावर जाईन म्हटलं असतं, तर ऊस कवाच वाळला असता."

भाऊजींनी मान डोलावली.

तेवढेच झाले. पण माझ्यादेखत परीक्षकाने प्रतिपक्षाच्या मुद्द्यावर मान डोलवावी, हे मला कधीही सोसलेले नाही. मी उठले, पदर सारखा केला आणि योजना विसरले.

"सन्माननीय परीक्षक," मी म्हणाले, "अणू डोळ्यांना दिसत नाही. शेवटच्या बाकावरची मुले स्पष्ट दिसत असूनही ती काय करतील याचा भरवसा मला कधी देता आला नाही. मग न दिसणाऱ्या वस्तूवर लक्ष ठेवायचे कोणी? अणुभट्टी थंड राखायला अखंड पाणी लागते. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो. वापरलेले इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागते. या घरात विरजण दोन दिवस सांभाळले जात नाही."

"विरजण तुमीच उघडं ठिवता," वंदना म्हणाली.

"मध्ये बोलू नये. गुण कापले जातात."

मग मी आवाज खाली आणला. आवाज खाली आणला की सभागृह पुढे झुकते, हे मी कित्येक मुलांना शिकवले आहे. एकटी पोर, परका मुलूख, कामावर गेलेली आई-बापांची लेक आणि तिची वाट पाहणारे घर. शेवटी शेवटी भाऊजींनी टोपी काढली.

"टाइम खतम," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "वहिनी, फर्स्ट नंबर. पुढं बोलायचं कामच न्हाई."

मी नमस्कार केला. विजयाचा आनंद पाण्याचा घोट घशाखाली उतरेपर्यंत टिकला.

"पटलं आजी," तेजस्विनी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी सांगलीलाच जाते."

"अगं, मी स्पर्धेपुरते बोलले."

"मग त्यातला कुठला मुद्दा खोटा होता?"

खोटा मुद्दा मी उभ्या आयुष्यात कोणाला मांडू दिलेला नाही. मी भाऊजींकडे पाहिले. ते टोपीकडे पाहत होते.

तेवढ्यात वंदना कडाडली. "काय सांगलीला? दोन दिस मी डोळं फोडून वाचलं, ते काय उगंच? मला पटलंय आता. पोरगी तिकडंच जाणार."

हवे ते आयते समोर आले होते. मी फक्त 'हो' म्हणायचे होते. पण माझ्या तोंडून निघाले, "अगं वंदना, पण ते पाणी..."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मीही जरा दचकले.

"आजी," तेजस्विनीने हळूच विचारले, "तू खरंच घाबरली आहेस?"

"पाण्याच्या मुद्द्यापर्यंत नव्हते. पुढे घाबरले."

"म्हणजे तुला यातलं आधीपासून काही ठाऊक नव्हतं?"

"मला मांडणी ठाऊक आहे."

आठवड्यात पहिल्यांदा ती पोर खळखळून हसली. "मग ठीक आहे. मला वाटलं, तुला काहीतरी माहीत आहे." तिने आईकडे भाकरी मागितली, दोन खाल्ल्या आणि सोमवारी सकाळी परराज्यातली जागा निश्चित करून टाकली.

आता ती तिकडे असते. मी फोनवर रोज अणुभट्टीची चौकशी करते. पहिल्या वर्षी गणित असते आणि कार्यशाळेत लोखंड घासायला देतात, असे ती सांगते. अणू अजून दृष्टिपथातही नाही. वंदना निवांत आहे. संघातले लोक माझे अभिनंदन करतात आणि मी ते स्वीकारते.

भाऊजी अजून म्हणतात, "वहिनी, तुमच्या भाषणाला तोड न्हाई." खरेच आहे ते. इतक्या वर्षांत एवढे परिणामकारक भाषण मी केले नव्हते. ऐकणाऱ्यांपैकी एकीचे मत त्याने कायमचे बदलले, आणि ती ऐकणारी मीच होते.