डुकराचं तिसरं नाव

कुऱ्हाडीचा माथा नातीच्या उजव्या हातावर पडला तेव्हा ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. माझ्या मुलानं घाव कॉम्प्युटरवर घातला होता. तिनं मधे हात टाकला. माउसचे तुकडे भिंतीपर्यंत उडाले. त्यानं कुऱ्हाड परत उचलली, आणि ह्या खेपेला पातं खाली होतं. आमचं मुसळ दाराआड उभं असतं. ते मी घेतलं आणि पोटच्या पोराच्या कानामागं घातलं. तो गुडघ्यांवर आला. कुऱ्हाड हातातच होती म्हणून आणखी एकदा घातलं. मग सुटली.

"आये," तो म्हणाला, "तू बी त्यांच्यातलीच व्हय?" आणि आडवा झाला.

वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या पायथ्याला आमचं घर आहे. सकाळचे नऊ वाजले होते. कारण एवढंच होतं की नात फोनवर बोलत होती आणि त्यानं ते ओट्यावरून ऐकलं.

ती कॉम्प्युटरवर गेम बनवते. तिची आई लवकर गेली, मी वाढवली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला सहा महिने घरून काम करून बघायला ठेवलं होतं. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत तिचा भाग पोहोचला आणि नीट चालला, तर कायमचं काम आणि पुण्यात राहायला खोली. नाही चालला तर घरी, म्हणजे ह्या बापापाशी. तो तिला आधीही मारायचा. मी मधे पडायची, पण मुसळ घेऊन कधी पडले नव्हते. आधीच घ्यायला हवं होतं.

तिच्या गेममध्ये एक पोरगी कोयता घेऊन शेतातली रानडुकरं मारते. शेवटी सगळ्यात मोठं डुक्कर येतं. कंपनीतल्या मुली त्याला 'बाप' म्हणायच्या. ते मरत नव्हतं. कुठंतरी चूक होती आणि तिला ती चार दिवस सापडत नव्हती. तेच ती मैत्रिणीला सांगत होती.

"अगं, बाप मरतच न्हाई. धा कोयतं घातलं तरी उठतोय. आज पाचच्या आत त्याला संपवते, मगच जेवते."

माझ्या मुलाचं भावकीशी बांधावरून वैर आहे. एकदा त्याच्यावर वार झालेला, तेव्हापासून तो उशाला कुऱ्हाड घेऊन झोपतो. ती घेऊन तो तसाच आत आला.

"माझा गेम करतीस व्हय गं? कुणी शिकवलं?"

"अण्णा, म्या गेमच करतीया, पर..."

आमच्याकडं माणसाचा गेम करणं म्हणजे त्याला उडवणं. तिच्या तोंडून त्याला 'हो' ऐकू आलं आणि पुढचं ऐकायला तो थांबला नाही.

शेजाऱ्यानं जीप काढली. दोघांना एकाच जीपमधून नेलं. मुलाचं डोकं माझ्या मांडीवर, लुगडं रक्तानं चिकट झालेलं. नातीचा हात फळीला बांधलेला, आणि डाव्या हातानं तिनं कॉम्प्युटरची पिशवी छातीशी धरलेली. वेल्ह्याला पट्ट्या केल्या आणि भोरला पाठवलं. भोरला डॉक्टरनं विचारलं, हाताला काय झालं.

"पडले," नात म्हणाली.

"पडली न्हाई," मी म्हणाले. "तिच्या बापानं कुऱ्हाडीनं मोडला. त्याचं डोकं म्या फोडलं. दोन्ही लिहा."

त्यांनी लिहिलं. पोलीस संध्याकाळी येतील म्हणाले. मुलाला टाके घालायला आत नेलं. तो शुद्धीवर नव्हता. ह्या हातानं मी त्याला मारून टाकला की काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिच्या हाताला प्लास्टर चढेपर्यंत सव्वातीन झाले. तिनं कॉट वर करून घेतली आणि कॉम्प्युटर मांडीवर उघडला.

"माऊस न्हाई, उजवा हात न्हाई," ती म्हणाली. "गेलं सगळं, आजी."

"मला दोन हात हायत. काय दाबायचं ते सांग."

मी चौथी शिकलेले. इंग्रजी अक्षरं एकेक करून ओळखते, शब्द येत नाहीत. पण एकेक दाबायचं असेल तर शब्द कशाला लागतो?

"डावीकडं खाली कंट्रोल हाय. ते धरून ठेव. के..." ती म्हणाली आणि कळ आली म्हणून थांबली. चार्जिंगची केबल भिंतीतून निसटली होती, तिला 'केबल निघाली' म्हणायचं होतं. मी के दाबला. पडद्याच्या मधोमध एक खिडकी उघडली. वर लिहायला रिकामी पट्टी.

ती बघतच राहिली. "हे काय उघडलंस?"

"तूच म्हणालीस के."

ती शोधायची जागा होती. सहा महिने ती हजारो नावांच्या यादीतून माउसनं खालीवर करत डोळ्यांनी शोधायची, आणि हे दोन बोटांवर होतं. तिनं डाव्या हातानं 'dukkar' लिहिलं. चारशेच्या वर गोष्टी आल्या. डुकराचे आवाज, कातडी, सुळे, चित्रं. पट्टीशेजारच्या बारक्या चिन्हातून तिला कळलं की आधी एच आणि दोन टिंबं दिली तर फक्त शेतात प्रत्यक्ष उभं असलेलंच दाखवतं. मी एच दाबला, टिंबं दिली. बारकी डुकरं आली. 'bap' लिहिलं, एक आलं. तेच रोज दिसणारं.

"एकच हाय," ती म्हणाली. "मग मरत का न्हाई?"

परिचारिका आली. "आजी, पेशंटला झोपू द्या."

"पाच वाजल्यावर झोपंल."

"तुमचा मुलगा आत आहे, जाऊन बघा तरी."

"तिथं डॉक्टर हायत. हितं कोण हाय?"

ती गेली. चार वाजून गेले होते. नातीच्या तोंडावर घाम होता आणि ओठ चावून फुटला होता. ती 'raan' लिही म्हणाली, 'mukhya' लिही म्हणाली, काही आलं नाही.

मी विचारलं, "पहिल्या दिवशी काय नाव दिलतंस?"

"डुक्करच असंल."

"माझ्यापुढं बसून केलतंस. म्या तुला वरडले व्हते."

आमच्या घरात भात पोटरीला आला, लोंबी धरायला लागला की डुकराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की येतं म्हणतात. जनावर म्हणायचं. तिनं पहिलं डुक्कर काढलं तेव्हा मी तेच सांगितलं होतं आणि ती हसून 'बरं बाई' म्हणाली होती.

तिनं 'janavar' लिहिलं. काही नाही. मग तिला आठवलं की 'व' ती तेव्हा दुसऱ्या अक्षरानं लिहायची, डबल्यूनं. 'janawar'. एक नाव आलं.

"एफ दाब," ती म्हणाली.

मी दाबला. ते जिथं होतं तिथं पडदा गेला, गपकन जमिनीखाली. वर नांगरलेलं शेत, आणि मातीच्या पोटात दुसरं तसंच डुक्कर उभं, डोळे उघडे. कधीतरी तिच्या हातून त्याची नक्कल झाली होती आणि मूळचं खाली पडलं होतं. वरच्याला मारलं की खालच्याचा जीव वरच्यात यायचा. तिनं ते खालचं पुसून टाकायला लावलं. कंट्रोल आणि एस दाबून जपून ठेवायला लावलं.

मग मारून बघायचं होतं. गेममधल्या पोरीला हलवायला तिला बाणांची बटणं धरायची होती, तेवढ्यात तिची बोटं संपली. कोयता चालवायची, बटणांतली सगळ्यात लांब पट्टी माझ्याकडं आली. डुक्कर अंगावर आलं. मी घातला. परत आलं, परत घातला. माझ्या मनगटाला सकाळचं मुसळ अजून लागत होतं. सातव्याला ते बसलं, आठव्याला कुशीवर पडलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. उठलं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिनं ते पुण्याला पाठवलं. मग डोळे मिटले. मी उठून पुरुषांच्या वॉर्डात गेले.

मुलाला दुसऱ्या दिवशी शुद्ध आली. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आमच्या दोघांवर केस चालू आहे, तारखेला एकाच एसटीनं जातो, वेगळ्या बाकांवर बसतो. नात पुण्यात आहे. तिची दोन बोटं वाकत नाहीत, म्हणून ती माउस वापरतच नाही, सगळं अक्षरांवर करते. बापाला भेटायला ती येत नाही आणि मी तिला ये म्हणत नाही. भाकऱ्या मी थापते, तो खातो.

त्या दिवशी आमच्यातलं कोणी मेलं नाही. तिघंही जिवंत आहोत.