मास्कमधला पहिलवान

पलटणीत त्याला सगळे पहिलवान म्हणत. देह तसाच, आवाजही तसाच. हा रागावला की समोरच्याची पाचावर धारण बसे. पण तोंडावर रबरी मास्क चढला, की याचाच जीव कासावीस व्हायचा. छाती धडधडे, काचेवर वाफ धरे आणि हात आपोआप पट्ट्यांकडे जात.

आणि काम कोणतं, तर अणुदुर्घटना झालीच तर हवेत किरणोत्सार किती पसरलाय, ते बघायचं! पंप लावायचा, गोल कागदी फिल्टरमधून हवा खेचायची, तो कागद चिमट्याने उचलून तपासणीसाठी पिशवीत बंद करायचा. सगळं मास्क घालून. सरावात तो दोनदा मास्क काढून मोकळा झाला होता. या खेपेला काढलास तर तुकडीतून नाव कटेल आणि भांडारात ब्लँकेटं मोजत बसशील, असं सुभेदारांनी स्पष्ट बजावलं होतं.

बायकोने त्याला भांडारातला एक बाद झालेला मास्क मागून आणायला लावला.

"घाला, आणि बसा कांदे चिरायला!"

मग रोज संध्याकाळी हा मास्क घालून कांदे चिरी आणि ती शेजारी बसून दिवसभराची गाऱ्हाणी सांगे. मास्कमधून धड उलट उत्तर देता येत नाही, याचा बाईसाहेबांनी पुरेपूर फायदा घेतला. मुलगी हसून हसून लोळायची. हळूहळू त्याचे हात पट्ट्यांकडे जाईनासे झाले.

सरावाच्या दिवशी मैदानावर पंप घरघरत असताना मध्येच ती जुनी धडधड सुरू झाली. वाटलं, संपलं सगळं. मुठी आवळून तो पंपाच्या काट्याकडे बघत राहिला. अखेर पंप थांबला, कागद पिशवीत गेला. मास्क उतरला तेव्हा गडी घामाने निथळत होता आणि सुभेदार त्याची पाठ थोपटत होते.

दारातूनच तो ओरडला, "अगं, पास झालो!"

ती मनापासून हसली. मग म्हणाली, "म्हणजे उद्या खरंच काही झालं, तर आधी तुम्हालाच पाठवणार ना?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या मात्र पहिल्या दिवसापासून होतं.

"मग एवढी तयारी करून घेतलीस कशाला?"

"तुम्हाला भांडारात झुरताना बघवलं नसतं मला." तिने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. "आणि गेलातच कधी, तर मास्क तोंडावरून निघता कामा नये."