रेवदंड्याच्या बंदरावरचा प्राणायाम

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रेवदंड्याच्या बंदराजवळ सकाळचा प्राणायाम वर्ग काढला. शिकवायला गेले श्वास आणि गोळा झाले किस्से. आता कुणी नुसतं "वर्ग कसा चाललाय?" विचारलं तरी माझा चहा थंड होतो.

वर्गातली पहिली विद्यार्थिनी हिराबाई. चाळीस वर्षं पाटी डोक्यावर घेऊन तिने मासळी विकली. सगळ्या माशांची नावं एका दमात घ्यायची तिची पद्धत. गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला, हाक मध्येच तुटायला लागली आणि पाटी सुनेकडे गेली. "बाई, बाकी काय नको. माझी हाक तेवढी परत यायला पायजे," ती म्हणाली.

*

एकदा मुंबईहून पाहुणे योगशिक्षक आले. आमच्या वर्गाच्या हॉलमागे बोंबील वाळत होते. "दीर्घ श्वास घ्या," म्हणत सरांनी स्वतः घेतला आणि थेट रुमाल काढला.

हिराबाई शांतपणे म्हणाली, "सर, अर्धाच घेतला. पुरता घ्या, आमची हवा हाय."

*

दत्तातात्या जुने नाखवा, साठ वर्षं होडीवर. मी दहा आकडे श्वास रोखायला सांगितला. तीस झाले तरी तात्या डोळे मिटून तसेच. घाबरून मी त्यांना हलवलं.

"थांबा वो बाई," ते म्हणाले, "लाट डोक्यावरनं जाऊन तं द्या."

*

सलीमभाई अलिबागची रिक्षा चालवतात. भ्रामरीचा गुंजारव ते गाडी चालवतानाच करायचे. मागच्या सीटवरच्या आजोबांनी उतरताना त्यांना बजावलं, "इंजिन गॅरेजला दाखवून घ्या, फार घुमतंय."

सलीमभाईंनी मला हे सांगितलं ते बक्षीस मिळाल्याच्या थाटात.

*

आणि परवाचा रविवार. हिराबाई आली नव्हती. सगळे डोळे मिटून अनुलोम-विलोम करत होते, मीही डोळे मिटून आकडे मोजत होते. तेवढ्यात मागच्या आळीतून आवाज आला.

"कोलंबी, मांदेली, बोंबील, बांगडे, सुरमय घ्याऽऽ!"

सगळं एका दमात. कुठे तुटलं नाही, कुठे थांबलं नाही. माझे आकडे राहूनच गेले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत असा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

डोळे उघडले तर समोर नुसत्या सतरंज्या. सगळे पिशव्या घेऊन आळीत पळाले होते. ज्यांच्या घरी रोज होडीतून मासळी येते, ते दत्तातात्यासुद्धा!

मी हजेरीपट ओढला. सगळ्यांना गैरहजर लिहिलं आणि हिराबाईला हजर.