राणीसाहेबांची ओटी

रथसप्तमीचा दिवस होता आणि मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. "ऱ्हाऊ दे ते गो, रोह्याला जायचंय," म्हणत माझी थोरली नणंद दारात उभी राहिली. वन्संनी जिची ओटी भरली नाही अशी बाई पेण तालुक्यात शोधून सापडायची नाही. त्यांच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि कुंकवाचा करंडा कायमचे मुक्कामाला असतात. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंची ओटी त्यांनी तपासणी थांबवून भरली. एसटीतल्या कंडक्टरबाईला पदर नव्हता, तर तांदूळ तिच्या चामड्याच्या पिशवीत ओतले. नागोठण्यापर्यंत लोकांना सुट्ट्या पैशांबरोबर तांदूळ मिळत होते.

रोह्यात नदीकाठी राणीसाहेबांचं नवं स्मारक झालं होतं. राणीसाहेब घोड्यावर, हातात तलवार, पदर कमरेला खोचलेला. वन्संनी चौथऱ्याभोवती फिरून पाहिलं. "पदर सोड म्हणावं, तर बाई कामात हाय," म्हणाल्या आणि खणनारळ चौथऱ्यावरच ठेवला.

"आजी, इथं नारळ ठेवायचा नाय," रखवालदार म्हणाला.

"मग तू घरी ने. पण त्यांना सांगून ने."

शेजारी उभ्या असलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "अहो, राणीसाहेब विधवा होत्या. विधवेची ओटी भरत नाहीत."

मी आधीच मागे सरकले होते. हे गेल्यापासून ती सवयच झाली आहे. हळदीकुंकू असलं की मी स्वयंपाकघरात जाते. तिथं काम असतंच. तालुक्यात राहिलेली बाई ती मीच. माझ्यासाठी वन्संनीही ती पिशवी कधी उघडली नव्हती.

"राज्य केलं ते चाललं, वटी तेवढी चालत नाय व्हय?" वन्सं त्या बाईंना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. पिशवीतून दुसरा नारळ आणि एक हिरवा खण काढला.

"इकडं ये गो. पदर पसर."

"वन्सं, लोक बघतायत."

"बघू दे. माझा भाव गेला. तू हायस ना?"

मी पदर पसरला. निम्मे तांदूळ खाली सांडले. एरवी मी ते वेचले असते.

आभार मानले असते तर वन्संनी मला वेड्यात काढलं असतं. परतीच्या गाडीत आम्ही नारळात पाणी किती असेल, एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाल फोडणीला टाकले, वर त्याच नारळाचं खोबरं घातलं आणि हिरवा खण घेऊन शिंप्याकडे गेले. "सुनेचं माप आणलंय का?" त्यानं विचारलं.

"टेप घ्या," म्हटलं. "माझंच घ्यायचंय."