घुंगरू थांबलं की

आक्काची शेवटची भेट झाली तेव्हा तिच्या घशात नळी होती. माझी ही थोरली बहीण जन्मभर मला "बाळ्या, गप बस" म्हणत आली, आणि सोलापूरच्या दवाखान्यात आता तीच गप. मी खिशातून घुंगरू काढलं तशा सिस्टर ओरडल्या, "अहो, हे काय इथं?"

त्या घुंगराची गोष्ट सांगायला हवी. तसंही गोष्टी सांगण्यापलीकडं माझा कुणाला उपयोग नाही.

आक्काची नात आरू तान्ही असताना न्यूमोनियानं बरेच दिवस मशीनवर होती. जीव वाचला, तोंडातली नळी निघाली. पण ढोकीला घरी आल्यावर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. नळीनं घशात आतून जखम झाली होती आणि ती भरताना श्वासाची वाटच आवळून गेली होती. डॉक्टरांनी गळ्याला पुढून छिद्र पाडून बारीक नळी बसवली. श्वास तिथूनच आत-बाहेर, त्यामुळं पोर रडायची तेव्हा तोंड वासलेलं, डोळ्यांतून धारा... आणि आवाज काहीच नाही. शेजारणी कौतुकानं म्हणायच्या, "लई गुणाची बाय, रडतच न्हाय!" आक्का तोंड फिरवायची. एके दिवशी तिनं बैलाच्या पोळ्याच्या साजातलं एक घुंगरू काढलं, उकळून घेतलं आणि आरूच्या पायात बांधलं. रडताना पाय तर झाडेल! त्या दिवसापासून त्या घरात टीव्ही बंद, मोठ्यानं बोलणं बंद. अपवाद फक्त मी.

एका दुपारी मी असाच रंगात आलो होतो, आणि आक्काचा हात वर झाला. "गप!" आत घुंगरू झडझड वाजत होतं. मग एकदम थांबलं... आम्ही धावलो. आरूचे ओठ निळे पडलेले, नळी कफानं गच्च बुजलेली. कफ ओढायच्या मशीननं ओढून बघितलं, निघेना. दवाखान्यात शिकवलं होतं तसं आक्कानं गळ्यातली पट्टी सोडली, नळी उपसली.

"बॅटरी धर."

मी धरली.

"धर म्हणलं बाळ्या, नाचवू नको!"

नवी नळी आत गेली. छाती हलेना... मग हलली. पाय झाडला गेला, घुंगरू वाजलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. आक्कानं आधी आरूचं तोंड पुसलं, मग त्याच पदरानं माझं.

पुढं ऑपरेशन होऊन घसा रुंद झाला, छिद्रही बुजलं. आरू घोगऱ्या आवाजात बोलायला लागली ती थांबेचना. "बाळ्यावर गेली," असं म्हणत आक्कानं घुंगरू खुंटीला अडकवलं.

आक्काला झटका आला तेव्हा आरूनंच ते माझ्या हातात दिलं. "आजोबा, नळी असली की बोलता येत न्हाय. आजीच्या पायात बांधा."

सिस्टरना हे सांगितलं, तर त्यांनीच चादर बाजूला केली. मी घुंगरू बांधलं आणि जन्मात पहिल्यांदा कुणी न सांगता गप बसलो. बऱ्याच वेळानं ते वाजलं. एकदाच.

आता ते पुन्हा खुंटीवर आहे. पंख्याच्या वाऱ्यानं कधी किणकिणतं, मग थांबतं, आणि बोलता बोलता आम्ही सगळे जागच्या जागी थबकतो. तेवढ्यात आतून घोगरा आवाज येतो, "मी हाय की इथं. बोला तुमी."