चाचांचं दुसरं दुकान

चाचांशी मी बोललेलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

रफिकचाचा काल गेले. सांगलीत एसटी स्टँडमागे त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान.

कॉलेजात मी ॲप टेस्टिंग शिकत होते. घरात फोन एकच, पप्पांचा. तोही चाचांनी तीनदा उघडून जोडलेला.

म्हणून सरावाला मी दुकानात जायचे. चाचा काउंटरवर माझ्यापुढे गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले फोन मांडायचे. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनानं तक्रार.
'पाटण. रेंज न्हाई.'
'मेमरी फुल्ल.'
'वाईची आजी. अक्षर मोठं पायजे.'

"नव्या फोनवर काय बी चालतंय गं. ह्यांच्यावर चालवून दाव, मग म्हण इंजिनियर झाले."

झाले. घरातली पहिली ग्रॅज्युएट.

नोकरीत फोन हातात नसतात. ते कुठल्यातरी लांबच्या सेंटरमध्ये, क्लाउडवर. आपण इथून एपीआयला, म्हणजे त्या सेंटरच्या सॉफ्टवेअरला, सूचना पाठवायची: एवढी मेमरी, हे व्हर्जन, अशा फोनांचा ग्रुप कर. मग ॲप त्या सगळ्यांवर तपासलं जातं.

मी सगळ्यात जुन्या, कमी मेमरीच्या फोनांचा ग्रुप केला. नाव दिलं 'रफिकचाचा'.

त्यांना सांगितलं तर दुकानभर ओरडले, "आवं ऐकलं का! भाडं न्हाई, लाईटबिल न्हाई, माझं दुसरं दुकान निघालं!"

गेल्या महिन्यात मॅनेजर म्हणाले, टेस्टिंगला फार वेळ लागतोय, जुन्या फोनांचे ग्रुप डिलीट कर.

एका ओळीचं काम. केलं.
वाद घातला नाही. इंटरव्ह्यूमध्ये "मला गावातल्या माणसांसाठी काम करायचंय" म्हणणारी मीच.

रविवारी आजारी चाचांना मिरजेला हॉस्पिटलमध्ये भेटले. त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.
"माझं दुसरं दुकान चालू हाय न्हवं?"
"चालू आहे, चाचा."

आज रजा घेतली नाही. रडूही आलं नाही. लॉगिन केलं.

ग्रुप परत तयार केला. नाव तेच, नियम तेच. सिस्टीमनं आयडी मात्र नवा दिला. जुना परत मिळत नाही.
माहितीच्या रकान्यात चिकटपट्ट्यांवरचं आठवेल तेवढं लिहिलं.

शुक्रवारी रिलीज होणारं ॲप त्यावर चालवलं. तीन फोनांवर ते पहिल्या स्क्रीनपुढे गेलंच नाही.

रिपोर्ट पाठवला. मॅनेजरचा मेसेज आला, "हे फोन आता वापरतं कोण?"

मी लिहिलं, "माझे पप्पा."

उत्तर काहीही येवो, ग्रुप मी काढणार नाही.

चाचा, दुकान चालू आहे.
तुम्हाला शेवटचा सलाम.