काचेतलं पोट

माझी धाकटी जाऊ कपड्यांच्या दुकानात काउंटरला असते. मी तिचा डबा द्यायला गेले, तेव्हा मालक तिला सांगत होता, "ताई, सातव्या महिन्यात फारच सुटलात. आता मागे गोदामात बसा, गिऱ्हाईकांसमोर बरं दिसत नाही."

आणि त्याच्याच शोकेसमध्ये गरोदरपणातला ड्रेस घालून प्लॅस्टिकची पुतळी उभी होती, सपाट पोटावर उशी बांधलेली. कापसाचं पोट याला चालतं आणि जित्याजागत्या पोटाची लाज वाटते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जाऊ शांतपणे शोकेसमध्ये शिरली. पुतळीच्या पोटावरची उशी सोडवून तिने काउंटरमागच्या स्टुलावर ठेवली आणि त्यावर ऐसपैस बसली.

"गोदामात तिला पाठवा," ती मालकाला म्हणाली. "खोटं पोट तिचं होतं."